एकविसाव्या पावलाला

पायवाले सर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. समोरून कुणी आलं की त्यांची नजर आधी चपलांवर जायची, तिथून घोट्यावर, गुडघ्यावर आणि वेळ उरलाच तर चेहऱ्यावर. कळमनुरीत इतकी वर्षं राहून निम्म्या गावाला ते तोंडावरून ओळखत नव्हते. पण जिन्यात पाऊल वाजलं की मान वर न करता सांगायचे, "मुजीब आला. आज चप्पल तुटली हाय त्याची." आणि मुजीब खरंच एक चप्पल हातात घेऊन दारात उभा असायचा.

मी त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटरची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "त्या खिडकीपर्यंत जा आन् वापस ये." मला वाटलं, खिडकी लावायला सांगतायत. मी लावून आले. सर खूश! म्हणाले, "घरी हळद हाय ना? सरीतून चालणारं माणूस असंच एकासमोर एक पाय टाकतं. सोमवारपासून ये." घरी जाताना एसटीत मी विचार करत होते की माझी निवड पदवीमुळे झाली की पायांमुळे. त्याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही. आबांना मात्र मी पदवीमुळेच असं सांगितलं.

ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. तीन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि बाजाराकडे उघडणारी ती खिडकी. मुजीब चित्रं काढायचा, मी कोड लिहायचे, आणि सर दोघांच्याही डोक्याशी उभे राहायचे. ते मूळचे जवळच्याच तांड्यावरचे. पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं काढून परत आले होते, आणि पाच वर्षं एकच गेम करत होते. त्याचं नाव 'लदेणी'. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून या मुलखातून त्या मुलखात जायचे, तो तांडा म्हणजे लदेणी. सरांनी लदेणी पाहिली नव्हती, त्यांच्या वडिलांनीही नाही. पण ती निदान पडद्यावर चालावी आणि लोकांच्या हातात जावी, एवढं एकच त्यांना या जगाकडून हवं होतं. त्यासाठी पुण्यातली नोकरी सोडलेला माणूस हुशार म्हणावा की खुळा, यावर तांड्यात एकमत नव्हतं. माझंही नव्हतं.

गेममधली माणसं आणि जनावरं कशी चालतात, ते लिहिणं हे माझं काम. सर म्हणायचे, प्रत्येकाचं चालणं वेगळं लिहायला बसलीस तर म्हातारी होशील. आधी एकच 'चालणारा' लिहायचा. पाऊल टाकणं, थांबणं, वळणं, चढावर दमणं हे सगळं त्याच्यात. मग 'माणूस' हा चालणाऱ्याचा लेक, 'चौपाया' हा दुसरा लेक. चौपायाचा लेक बैल, बैलाचा लेक गोणी लादलेला बैल. बापात जे लिहिलं ते लेकरात आपोआप येतं, पुन्हा लिहावं लागत नाही. याला कोडात वारसा म्हणतात, आणि सगळ्यांच्या मुळाशी असतो त्याला बेस क्लास. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं, फक्त समजलं नव्हतं. कारण आमच्या घरी वारसा म्हणजे सातबारा, तलाठी आणि बहिणींच्या सह्या. मी घाबरत विचारलं, "सर, पोरीच्या क्लासलापण मिळतं का सगळं?"

सर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून हसले. "मिळतं. कोडात तलाठी न्हाई."

हे झाड त्यांनी भिंतीवर मार्करने काढलं होतं. वर चालणारा, खाली फांद्याच फांद्या. एकदा खाली दुकान चालवणारे काका वीजबिलाची पावती घ्यायला वर आले आणि चष्मा लावून भिंतीपाशी उभे राहिले. म्हणाले, "कोणाची वंशावळ हाय ही?" सर म्हणाले, "साऱ्यांची." काकांनी शेवटपर्यंत वाचलं, कुत्र्यापाशी जरा घुटमळले, आणि पावती न घेताच खाली गेले.

आठवडी बाजार असला की सर आम्हाला खिडकीत बसवायचे. डोक्यावर पाटी घेतलेली बाई बघा, मान हलत नाही, सगळं कमरेखाली चालतं. हातात कोंबडी उलटी धरलेला माणूस बघा, त्या बाजूचा खांदा पडलेला असतो. हे सगळं वहीत उतरवायचं आणि झाडात कुठल्या फांदीवर बसतं ते ठरवायचं. मला ते कधीच धड ठरवता आलं नाही. उडी मारण्याचा कोड मी बिनधास्त 'चालणारा'मध्येच ठेवला, म्हणजे सगळ्यांना मिळेल, भांडण नको. दुसऱ्या दिवशी मुजीबने गेम चालवला तर गोण्या लादलेला बैल वाटेतली भिंत दिसताच टुणकन तिच्यावर जाऊन उभा राहिला. मागून बाकीचे अकरा बैल. सरांनी बराच वेळ त्या बाराजणांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "पोरी, उडी चालणाऱ्याची नसती. उडी हौसेची असती. हौशी लोकायची फांदी वेगळी काढ."

मी 'हौशी' नावाची फांदी काढली. तिच्यात पोरं, माकडं बसवली. आणि मग शेळी आली. शेळी चौपाया, त्यामुळे तिचा बाप चौपाया. पण शेळी उडीही मारते, म्हणजे तिचा बाप हौशी. आमच्या कोडाच्या भाषेत एका क्लासला एकच बाप चालतो. "सर, बकरी के दो बाप हो रहे," मुजीब म्हणाला आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटला. सर हसले नाहीत. तीन दिवस ते भिंतीसमोर उभे होते. शेळी इकडून पुसायचे, तिकडे लिहायचे. शेवटी शेळीला चौपायात ठेवून उडीचा कोड तिच्यापुरता पुन्हा उतरवला. जे पुन्हा लिहायचं नाही म्हणून एवढं झाड वाढवलं, तेच पुन्हा लिहावं लागलं. तिथे काहीतरी चुकतंय एवढं मला कळत होतं. काय चुकतंय ते कळत नव्हतं, आणि सरांना विचारायची छाती नव्हती.

सरांची स्वतःची चाल आम्ही त्यांच्या माघारी पुष्कळदा करून दाखवायचो. ते सरळ चालत जायचे आणि मध्येच थांबून मागे वळून बघायचे. मागे कुणी नसायचंच. मग पुन्हा चालायचे, पुन्हा थोड्या वेळाने थांबायचे. चहाच्या टपरीपर्यंत चार वेळा. मला सुरुवातीला वाटलं, कुणीतरी यांच्या मागावर आहे. मुजीब म्हणायचा, चावी विसरल्याचा वहीम आहे.

मग लक्षात आलं की आमच्या गेममध्येही सगळे तेच करतात. माणूस एकवीस पावलं चालला की थांबून मागे बघायचा. बैल बघायचा, कुत्रं बघायचं. लदेणीवर धाड घालायला आलेले दरोडेखोर पाठलाग करता करता एकविसाव्या पावलाला थांबून मागे बघत आणि तेवढ्यात लदेणी पसार होई. मी कोड उपसला. अगदी मुळाशी, 'चालणारा'मध्ये, तीसेक ओळी होत्या. तिथे असल्यामुळे त्या सगळ्यांत उतरल्या होत्या. मी म्हणाले, "सर, हे काहून हाय इथं?" ते म्हणाले, "राहू दे ते." सरांचं 'राहू दे' हे दारासारखं होतं, एकदा लागलं की लागलं.

त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने गेम बघितला आणि त्यांना तो आवडला. तिथल्या केतकी मॅडम फार चांगल्या होत्या, पण स्पष्ट. त्यांनी चुकांची यादी पाठवली. यादीत शेळी होती, बैल होता, आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच वाक्य होतं की सगळी पात्रं विनाकारण थांबून मागे बघतात. फोनवर त्या मला म्हणाल्या, "ताई, हे एवढं खोल झाड नका ठेवू. वर काही हललं की खाली सगळं हलतं. चालणं, उडी, ओझं यांचे सुटे तुकडे करा आणि ज्याला जे लागेल तेवढं जोडा. शेळीला चालणं जोडा, उडी जोडा, झालं. महिनाअखेर हे जमलं तर आपण गेम बाजारात आणू. नाही जमलं तर मला वर काही सांगता येणार नाही."

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "माणूस काय तुकडे जोडून चालतो का?" मी म्हणाले, न्हाई. ते म्हणाले, "पण शेळीचं बराबर बोलून राहिली ती बाई." मला दोघांचंही पटत होतं. माझी ही जन्माची तकलीफ आहे, जो बोलतो त्याचं मला पटतं.

सर ते झाड मोडतील की नाही, आम्हाला अंदाज नव्हता. त्यांनी हातच लावला नाही. आणि मग तांड्यावरून फोन आला की त्यांची आई पडली. आईला ते याडी म्हणत. तिच्याशी ते फोनवर गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत बोलायचे, आम्हाला त्यातला एक शब्द कळायचा नाही, फक्त आवाज बदललेला कळायचा. निघताना जिन्यात थांबून मला म्हणाले, "तुला जे बराबर वाटंल ते कर. गेम जगला पाह्यजे." एकवीस कुठली, सातच पायऱ्या उतरल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं.

मी आठ दिवस ते झाड तोडत होते. दिवसाला तीन डबे खाल्ले असतील, एवढी भूक मला कधी लागली नव्हती. चालणं वेगळं काढलं, उडी वेगळी, ओझं वेगळं, दमणं वेगळं. बैलाला चालणं, ओझं आणि दमणं. शेळीला चालणं आणि उडी. एका ओळीत झालं. तीन दिवस ज्यासाठी सर भिंतीपुढे उभे होते ते एका ओळीत झालं, आणि मला आनंद झाला की वाईट वाटलं ते मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं असावं.

शेवटी त्या तीस ओळी हातात उरल्या. मागे वळून बघण्याचा तुकडा. आता तो कुणाला तरी जोडायला हवा होता. दरोडेखोराला? बैलाला? कुत्र्याला? एकेकाला विचारत गेल्यासारखी मी यादी चाळली. कुणालाच त्याची गरज नव्हती. पुण्याच्या यादीत तर ती चूकच होती. सरांना फोन करावा असं वाटलं, पण तिकडे याडी दवाखान्यात, इकडे महिना संपत आलेला, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी काय फोन करायचा. मी तो तुकडा काढून टाकला. गेम पुण्याला गेला. चार दिवसांत मॅडमचा निरोप आला की पसंत आहे.

सर परतले ते डोक्यावरचे केस उतरवून. याडी गेल्याचं आम्हाला कळलं होतं, दिवसकार्याला जाऊनही आलो होतो, पण त्यांना तसं खोलीत बघून मी आधी खुर्ची पुसायला लागले. तेच म्हणाले, "दाव गेम."

मी चालू केला. लदेणी घाट चढायला लागली. शेळीने उडी मारली तेव्हा सर हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग ते पुढे वाकले. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, हे मला उशिरा दिसलं. ते पावलं मोजत होते.

"थांबून न्हाई राहिले कोणी," ते म्हणाले.

"सर, ते यादीत चूक म्हणून आलं होतं. तीन वेळा."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि एक व्हिडिओ लावून माझ्यापुढे धरला. त्यात चेहरा नव्हताच. बांधावरून चाललेले म्हातारे पाय होते आणि घागऱ्याची किनार. पाय चालले, थांबले, वळले. पुन्हा चालले. असे त्यांच्या मोबाईलमध्ये कितीतरी व्हिडिओ होते. 'चालणारा' त्यांनी या पायांवरून लिहिला होता, बांधावर बसून, पावलं मोजून. बाजारातल्या माणसांवरून नव्हे.

"याडीचा आजा लदेणीच्या पुढं चालायचा," सर म्हणाले. "पुढच्यानं थांबून बघायचं असतं, शेवटचा बैल, शेवटची लेकुरवाळी बाई येऊन राहिली का न्हाई. याडीनं कंदी लदेणी पाह्यली न्हाई. नुसती शेतात जायची. तरी थांबायची. कोणी शिकवलं न्हाई तिला. मलाबी कोणी शिकवलं न्हाई."

मी म्हणाले, "सर, जुना कोड आहे जपून ठेवलेला. एका मिनिटात आणते."

"आणून कोणाला लावशील?"

"सगळ्यांना लावते."

"आता लावावं लागंल," ते म्हणाले. "आदी येत होतं."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खिडकीत जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "राहू दे. गेम जगला न्हवं?" मी जिन्यात जाऊन रडले. याडीसाठी, सरांसाठी, की मी बरोबर काम करून चूक केली म्हणून, ते मला त्या वेळीही उमगलं नाही. मुजीबने पाण्याची बाटली आणून दिली आणि तोही पायरीवर बसून राहिला.

पुढे पुण्याच्या कंपनीने आम्हा तिघांनाही बोलावलं. मुजीब आठवड्यात गेला. सर नाही म्हणाले. कापसाचं रान होतं, तांड्यावरच्या पोरांना शिकवायचं होतं, आणि लदेणी लोकांच्या हातात गेली होती, त्यांचं काम झालं होतं. मला मात्र "तू जा" म्हणाले. आबा तयार नव्हते. सर स्वतः आमच्या घरी आले, ओसरीवर बसले आणि आबांच्या पायांकडे बघत म्हणाले, "तुमी सरीतून चालून राहिले जन्मभर. पोरीचा पाय तुमचाच हाय, कुठं घसरणार न्हाई." आबांना यातलं काय पटलं कोण जाणे, पण ते हो म्हणाले.

मला सोडायला सर कळमनुरीच्या स्टँडवर आले. बॅग वर ठेवून दिली, पाण्याची बाटली दिली, खाली उतरले आणि चालायला लागले. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. गाडी अजून उभी होती. मी मोजायला लागले. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. सर थांबले नाहीत. तीस झाली, चाळीस झाली. रसवंतीपाशी ते वळले आणि दिसेनासे झाले. एकदाही त्यांनी मागे पाहिलं नाही.

ते मला फार लागलं. पुण्यात पहिले कित्येक महिने मी हाच हिशेब करत होते. सरांनी मला माफ केलं नाही? याडीबरोबर त्यांची ती सवयच गेली? की माझ्यासाठी थांबावं अशी मी त्यांची कोणी नव्हतेच? फोन झाले, पण पीकपाणी आणि तब्येत यापलीकडे आम्ही दोघंही गेलो नाही. विचारायचं कसं? तुम्ही त्या दिवशी मागे का बघितलं नाही, असं कुणी कुणाला विचारतं का?

मग लदेणीची सुधारलेली आवृत्ती काढायचं ठरलं आणि तेव्हा मी जुन्या कोडातून त्या तीस ओळी शोधून आणल्या. बैलांना लावल्या नाहीत, दरोडेखोरांना लावल्या नाहीत. लदेणीच्या अगदी पुढे एक म्हातारी बाई चालते, फक्त तिला लावल्या. दोन दिवसांत चुकांच्या यादीत तिचं नाव आलं की विनाकारण थांबते. कारण लिहायच्या रकान्यात मी लिहिलं, मागे कोण राहिलं ते बघते. केतकी मॅडमनी ते वाचलं आणि चूक यादीतून काढून टाकली.

आवृत्ती निघाली त्या आठवड्यात दुपारी सरांचा फोन आला. रामराम नाही, तब्येत नाही. "किती पावलांवर ठेवलंस?"

"एकवीस. तुमचंच होतं ते."

मग म्हणाले, "म्हातारपणी याडी सतरावर आली होती. दम लागायचा. ही बाई म्हातारी हाय ना? सतरा कर."

"करते, सर." आणि जे इतके महिने अडकलं होतं ते तसंच बाहेर पडलं. "सर, त्या दिवशी स्टँडवरून जाताना तुम्ही मागे वळून बघितलं न्हाई."

"मी काहून बघू?" सर म्हणाले, आणि त्यांना खरंच नवल वाटलं असावं. "पुढं तू चालली होतीस. पुढच्यानं बघायचं असतं. तू पाह्यलंस का न्हाई?"

"पाह्यलं, सर. रसवंतीपर्यंत."

"मंग झालं की," ते म्हणाले आणि फोन ठेवला.